पॅसेज सुटला, सभा चालू आहे

रात्री नऊची सभा असली की आठलाच जेवणं उरकतात. एक कुटुंब डोंबिवलीत भाड्याच्या घरात, एक आजी-आजोबा विरारला लेकीकडे, कुणी कुर्ल्यात, कुणी भोईवाड्यातच एका नातेवाइकाच्या पोटमाळ्यावर. नऊला पाच कमी असताना पडद्यावर एकेक चौकोन उजळायला लागतो. पहिली दहा मिनिटं ‘आवाज येतोय का?’, ‘काका, तुमचा माईक बंद आहे’, ‘आजी, फोन आडवा धरा’ यांत जातात. मग चाळ कमिटीच्या चिटणीस वहिनी हजेरी घेतात. नाव घेत नाहीत, खोली नंबर घेतात. ‘चौतीस?’ ‘हजर.’ ‘पस्तीस?’ ‘हजर, पण नेटवर्क जातंय.’ ज्या खोल्यांचे हे नंबर, त्या आता रिकाम्या आहेत. नंबर मात्र सभेत अजून चालतो.

‘बदलाच्या काळात माणसांना सोबत घेऊन जाणं’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कंपन्या आणि त्यांचे ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग असावेत. मी नायगावला गेलो. कंपनीत कामाची पद्धत बदलते तेव्हा माणूस संध्याकाळी आपल्याच घरी परततो. इथे घरच बदलायचं आहे, तेही एकट्याचं नव्हे, पुऱ्या चाळीचं. मधली काही वर्षं सगळ्यांनी विखरून राहायचं आणि तरीही एकत्र निर्णय घेत राहायचे. पगार नाही, बढती नाही, वरून हुकूम देणारा साहेब नाही. अशा वेळी सभा कोण चालवतं आणि कशी, हे मला पाहायचं होतं. ज्या कमिटीच्या सभांना मला बसू दिलं, तिने एकच अट घातली: कुणाचं नाव नको, चाळीचा नंबर नको. ती मी पाळतो आहे.

एका मजल्यावर वीस दारं

दादर पूर्वेला उतरून भोईवाड्याच्या अंगाने नायगावात शिरलं की बीडीडी चाळींची वस्ती लागते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खातं उभारलं. एकीकडे बॅकबेचा समुद्र हटवायचा आणि दुसरीकडे कामगारांसाठी खोल्या बांधायच्या, अशी दोन मोठी कामं या खात्याने अंगावर घेतली. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता, प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. त्या वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी आणि नायगाव अशा चार जागी आहेत. नायगावात ४२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची.

या चाळींची रचना गिरगावातल्या चाळींहून वेगळी आहे. गिरगावात बाहेरच्या बाजूने सज्जा असतो. इथे मधोमध लांब पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. पॅसेजमध्ये दिवसाही दिवा लावावा लागतो. वारा खेळत नाही, आवाज मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. चाळीच्या सभा याच पॅसेजमध्ये भरत. सतरंजी अंथरायची, कमिटीच्या लोकांनी भिंतीला टेकून बसायचं, बाकीच्यांनी आपापल्या उंबऱ्यात. सभेला न जाताही सभा ऐकू येई. चपात्या लाटणाऱ्या बाईला गणपतीची वर्गणी किती ठरली ते कळे, रात्रपाळीला निघालेल्या माणसाला पंपाचं बिल का थकलं ते कळे.

सभा संपल्यावर खरी सभा सुरू होई, असं इथले जुने लोक सांगतात. ज्याचा मुद्दा पडला तो नळावर किंवा जिन्यात दुसऱ्याला गाठून पुन्हा तेच बोले. कुणाला राग आला आहे हे दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाच्या रांगेतच समजे, आणि मग एखादी वडीलधारी बाई मध्ये पडून तो काढी. याची नोंद कुठल्या इतिवृत्तात नसते. पण निर्णय टिकायचे ते यामुळे. माणसांना ठरावाच्या आधी आणि ठरावानंतर बोलायला जागा होती, आणि ती जागा वास्तूनेच दिली होती. चाळ रिकामी झाली तेव्हा ही जागाही गेली.

भोंगा वाजायच्या आत

सभा भरवणं ही गिरणगावाची जुनी विद्या आहे. दामोदर हॉल, नरे पार्क, कामगार मैदान ही नावं सभांमुळेच लोकांच्या तोंडी राहिली. मोठ्या सभांइतकीच महत्त्वाची होती ती गिरणीच्या दारातली द्वारसभा. एक पाळी सुटते, दुसरी आत शिरते, त्या मधल्या काही मिनिटांत पुढाऱ्याने दगडावर किंवा हातगाडीवर उभं राहून मुद्दा सांगायचा. ऐकणारा थकलेला आहे, दुसऱ्याला उशीर होतोय, भोंगा कधीही वाजेल. अशा सभेत प्रास्ताविक परवडत नसे. आज काय झालं, उद्या काय करायचं, काही विचारायचं आहे का, एवढंच.

मोठ्या सभेची रीत वेगळी. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक उभं केलं. भाषणाच्या आधी डफ वाजे, पोवाडा होई. लांबून येणारा माणूस आवाजाच्या दिशेने चालत येई आणि वक्ता उभा राहीपर्यंत तो सभेचा झालेला असे. लोकांना बोलतं करायचं तर आधी त्यांना एका सुरात आणावं लागतं, हे त्या कलावंतांना पक्कं ठाऊक होतं. आज प्रशिक्षणवर्गात सुरुवातीला खेळ घेतात त्यामागे हीच समज आहे. फरक एवढाच की पोवाड्यात कामगाराच्या जगण्याचाच विषय असे, खेळात बहुतेकदा नसतो.

तिसरी शाळा कोकणी गावमंडळांची. नायगाव-परळच्या चाळींतून कोकणातल्या गावांची ग्रामस्थ मंडळं आहेत आणि त्यांच्या सभांना ठरलेला साचा आहे: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च मंजूर करणे, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. बाहेरच्याला हा कागदी उपचार वाटतो. आत बसलेल्याला माहीत असतं की गावातला सगळा साचलेला राग त्या शेवटच्या कलमासाठी थांबलेला असतो. कसलेला अध्यक्ष ते कलम कधी घाईत उरकत नाही.

तीन माग आणि एक माणूस

बदल लादला की काय होतं, याचा धडाही याच भागात आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. ससून गटाच्या गिरण्यांनी नवी कार्यक्षमता पद्धत आणली: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूत कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू. मालकांचा हिशेब सरळ होता, कमी माणसांत जास्त काम. कामगाराच्या हिशेबात मात्र शेजारच्या मागावरचा आपलाच गाववाला रस्त्यावर येणार होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि तो सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. ऑक्टोबरात फॉसेट समिती नेमायचं ठरलं तेव्हा तो मिटला.

त्या संपातलं दोन माणसांचं काम मला या लेखासाठी महत्त्वाचं वाटतं. अर्जुन आत्माराम आळवे स्वतः गिरणीत काम केलेले. गिरणी कामगार युनियनच्या उभारणीत डांगे, जोगळेकर, मिरजकर यांच्यासारख्या शिकलेल्या पुढाऱ्यांबरोबर ते होते. खात्याखात्यातून माणसं निवडून गिरणी समित्या बांधल्या गेल्या आणि पुढाऱ्याचा शब्द खाली व खालची तक्रार वर जायला वाट झाली. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो विटाळतो हे कारण. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला: सगळ्यांच्या नावाने मागण्या करता, मग या कामगारांची मागणी त्या यादीत का नाही? कुठल्याही सभेत बसलं की मला हा प्रश्न आठवतो. आज इथे कोण आलेलं नाही, आणि त्याच्या वतीने आपण काय ठरवतो आहोत?

पंचवीसेक वर्षांनी हाच माग अहमदाबादेत वेगळी गोष्ट सांगतो. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले, पण उत्पादन काही वाढेना. एका मागाभोवती डझनभर वेगवेगळी कामं, प्रत्येकाला वेगळा माणूस, आणि कुणाचा कुणाशी मेळ नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. काही मागांचा एक संच आणि त्याची सगळी जबाबदारी एका छोट्या गटावर, एवढी कल्पना त्यांनी मांडली. कामगारांनी ती उचलली आणि गटात कोण कोण असेल ते स्वतःच ठरवलं. उत्पादन वाढलं, कापडातले दोष घटले. त्याआधी अमेरिकेत हारवूडच्या पायजमा कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला फक्त निर्णय कळवला, त्यातले १७ टक्के लोक पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्यांना बदल आखायलाच सोबत बसवलं, त्यांतलं कुणीही गेलं नाही.

भूमिपूजनानंतर

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी पुनर्विकासाचं भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे काम आलं. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, तेही मोफत. कागदावर याहून चांगला सौदा मुंबईत शोधून सापडणार नाही. तरीही नायगावात वर्षांमागून वर्षं गेली. पात्रतेच्या सर्वेक्षणाला विरोध झाला, सर्वेक्षणाची माणसं परत गेली.

बाहेरच्यांनी याला आडमुठेपणा म्हटलं. मी जे ऐकलं त्यावरून मला तसं वाटत नाही. लोकांना घर नको नव्हतं. त्यांना करारनामा आधी हवा होता. खोली सोडली आणि इमारत उभीच राहिली नाही तर दाद कुणाकडे मागायची? नोंदणी झालेला कागद हातात नसताना घर सोडलेल्यांचे हाल मुंबईने संक्रमण शिबिरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. खोली आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, तीन काका गावाला, मग पात्र कोण? मोठ्या घराचा देखभाल खर्च पेन्शनीत बसेल का? चाळींतल्या सेवानिवासांत राहणाऱ्या पोलीस कुटुंबांचं तर वेगळंच, त्यांना घर मोफत नव्हतं. त्यांच्यासाठी घराची किंमत २०२२ मध्ये आधी पन्नास लाख, मग पंचवीस आणि शेवटी पंधरा लाख अशी एका वर्षात दोनदा बदलली. ज्याने पहिला आकडा ऐकून झोप घालवली, त्याने पुढच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

त्याच वर्षी वस्तीच्या नावांचाही निर्णय झाला होता: वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर, नायगावला शरद पवार नगर. नावावर लोक फारसे बोलत नाहीत. करारनाम्याच्या कलमांवर मात्र तासन्‌तास बोलतात, आणि ते बोलणं ज्यांनी घडवून आणलं त्या चाळ कमिट्यांमुळेच, माझ्या मते, काम पुढे सरकलं. चिटणीस वहिनींच्या चाळीत करारनाम्याचा मसुदा कलमाकलमाने मोठ्याने वाचला गेला. वकिलाने मराठीत समजावलं. शंका वहीत उतरवल्या, म्हाडाच्या वांद्र्याच्या कार्यालयात नेल्या आणि उत्तर आणून पुन्हा पॅसेजमध्ये सांगितलं. यात काही महिने गेले. ते वाया गेले असं वहिनी मानत नाहीत, मीही मानत नाही.

मधला काळ

विल्यम ब्रिजेस या अमेरिकन लेखकाने बदलाचे तीन टप्पे सांगितले आहेत: जुन्याचा शेवट, मग एक रिकामा मधला काळ, आणि त्यानंतर नवी सुरुवात. बाहेरचा बदल एका दिवसात होतो, माणूस आतून बदलायला वेळ घेतो, असं त्यांचं म्हणणं. चाळीतल्या लोकांना हा मधला काळ समजावून सांगावा लागत नाही. दरमहा पंचवीस हजार रुपये भाडं मिळतं, पण त्या भाड्यात नायगावात, मुलांच्या शाळेजवळ, आजोबांच्या दवाखान्याजवळ घर मिळेलच असं नाही. म्हणून कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी विरारला, कुणी कळव्याला.

विखुरल्यावर पहिलं काय झालं? अफवा वाढल्या. भाडं बंद होणार, टॉवरचे मजले कमी होणार, अमक्यांची पात्रता रद्द झाली. पॅसेजमध्ये अफवेचं आयुष्य तासाभराचं असे, कारण समोरच्या दारात कुणीतरी खरं जाणणारं असे. व्हॉट्सअॅपच्या गटावर ती आठवडाभर जगते आणि दर वेळी नव्या तपशिलासह परत येते. चार-पाच महिन्यांत गटावर इतकी भांडणं झाली की काहींनी गट सोडला. तेव्हा वहिनींनी ठरवलं: गटावर फक्त निरोप, चर्चा सभेत. आणि सभा फोनवर.

एक पंचमांश सेकंद

फोनवरची सभा का दमवते, यावर करोनानंतर बराच अभ्यास झाला. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवर दिवसाला एक कोटी सहभागी असत, एप्रिल २०२० मध्ये ते तीस कोटी झाले. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये थकव्याची चार कारणं मांडली: फार जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, जागचं हलता न येणं, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणांसाठीही मुद्दाम घ्यावे लागणारे कष्ट. यातलं चौथं कारण चाळीतल्या माणसाला जास्त लागू पडतं. पॅसेजमध्ये वडीलधारा नुसता खाकरला तरी बोलणारा थांबे. पडद्यावर ते खाकरणं म्यूटमध्ये जातं.

त्याहून बारीक गोष्ट वेळेची. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद, म्हणजे एक पंचमांश सेकंद लागतो, आणि जगभर थोड्याफार फरकाने हेच. माणूस समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं तयार ठेवतो. डोंबिवलीच्या घरातलं कमजोर नेटवर्क यात एक सेकंद जरी घालत असेल तर दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग पुन्हा एकदम बोलतात. जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आवाज असा उशिरा पोहोचला की ऐकणाऱ्याला समोरचा माणूसच कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटू लागतो. दोष तारेचा, राग माणसावर. सभेत कुणी ‘तुम्ही मला बोलूच देत नाही’ म्हणून भडकतं तेव्हा निम्म्या वेळा असंच घडलेलं असतं.

खोली नंबरप्रमाणे

वहिनी एका खाजगी दवाखान्यात हिशेबाचं काम करतात. सभा चालवण्याचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलेलं नाही. त्यांनी जे केलं ते मी सविस्तर सांगतो, कारण महागड्या वर्गांत जे शिकवतात त्यापेक्षा हे मला पक्कं वाटलं.

बोलण्याची पाळी खोली नंबरप्रमाणे लागते. कुणी हात वर करायचा नाही, कुणी मध्ये शिरायचं नाही. नंबर आला की बोला, नाहीतर ‘पुढे’ म्हणा. कुणाची पाळी कधी, हे चाळीतल्या प्रत्येकाला झोपेतही सांगता येईल, त्यामुळे त्या एक पंचमांश सेकंदाचा घोळच उरत नाही. शिवाय जे एरवी कधीच बोलत नसत त्यांच्यापर्यंत पाळी आपोआप पोहोचते. एका सभेत सतत ‘पुढे’ म्हणणाऱ्या एका काकांनी अचानक विचारलं की लिफ्ट बंद पडली तर डायलिसिसच्या पेशंटला खाली कसं आणायचं? गप्पच झाले सगळे. पुढच्या म्हाडा भेटीच्या यादीत तो प्रश्न पहिला गेला.

ऐंशी खोल्या एका सभेत बोलू शकत नाहीत, म्हणून मजल्यावर मजला-प्रतिनिधी. सभेच्या दोन दिवस आधी तो आपल्या वीस घरांना फोन करतो. विषय सांगायचा नाही, प्रश्न विचारायचा: ‘देखभाल फंडाला किती देणं झेपेल?’ अशा एकाच वाक्यात. जे सभेला येणार नाहीत त्यांचं म्हणणं तो लिहून आणतो आणि त्यांच्या खोली नंबरावर वाचून दाखवतो. मला विचाराल तर सभेचं निम्मं काम त्या फोनांतच होतं. सभेत पहिल्यांदाच ऐकलेल्या गोष्टीला माणूस आधी नाही म्हणतो. दोन दिवस आधी ऐकलेली गोष्ट त्याने घरात बोलून घेतलेली असते.

सूचना बोलून पाठवायची, टाइप करून नाही. वाचता न येणाऱ्या, चष्मा हरवलेल्या, मजकूर लांब दिसला की सोडून देणाऱ्या सगळ्यांना ती ऐकता येते. सुरुवातीची पाच मिनिटं ‘ऐकीव बातम्यां’ची. ज्याने जी ऐकली ती सांगायची, कुठून आली ते विचारायचं नाही, हसायचं नाही. वहिनी यादी करतात, प्रत्येक बातमीवर एका माणसाचं नाव लिहितात आणि पुढच्या सभेत तो खरंखोटं करून सांगतो. हे सुरू झाल्यापासून गटावरची भांडणं निम्म्यावर आली असं खजिनदारांचं म्हणणं.

झूमची फुकटची सभा चाळीस मिनिटांत तुटते. पैसे भरून मोठी सभा घ्या असं तरुण मुलांनी सुचवलं, वहिनींनी नको म्हटलं. चाळीस मिनिटांत दोनच विषय घ्यायचे. दोरी तुटली की सगळ्यांनी पाणी प्यायचं, आणि ज्यांना थांबायचं त्यांनी दुसऱ्या लिंकवर यायचं. त्या दुसऱ्या लिंकवर विषय नसतो. कुणाच्या नातवाची दहावी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, गावच्या पालखीला कोण कोण जाणार. जुन्या नळावरची सभा ती हीच, आणि रुसलेल्यांची समजूत इथेच निघते.

डोंबिवलीत एकाच चाळीतली चार कुटुंबं जवळजवळ राहतात. ती एका घरी जमून एकाच फोनवर सभेला बसतात. चहा होतो. त्या चौकोनात आठ डोकी दिसतात, आणि बाकीच्यांना त्यांचा थोडा हेवाही वाटतो.

जे पडद्यावर होत नाही

सगळं ऑनलाइन भागत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या जमाखर्चावरून एका सभेत आवाज चढले. एकाने कागद कॅमेऱ्यासमोर नाचवला, दुसऱ्याने फोन बंद केला. पॅसेजमध्ये उठून जाणाऱ्या माणसाला निदान वीस दारं ओलांडून जावं लागे, कुणीतरी हात धरी. इथे एक बोट दाबलं की माणूस गेला. वहिनींनी सभा थांबवली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना नायगावला बोलावलं. मैदानाच्या कडेला, झाडाखाली, वह्या मांडून दोन तास बसले. हिशेब जुळला. पैशांचा आणि मानापमानाचा विषय समोरासमोरच घ्यायचा, हा नियम तेव्हापासून.

या अनुभवाला एका अभ्यासाचा आधार आहे. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा २०२२ चा शोधनिबंध सांगतो की व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना प्रत्यक्ष बसलेल्यांपेक्षा नव्या कल्पना कमी सुचतात, कारण नजर पडद्यात अडकते आणि तिच्याबरोबर विचारही. सुचलेल्यांतून निवड करायला मात्र ऑनलाइन सभा कमी पडत नाही. वहिनींची वाटणी जवळजवळ अशीच झाली आहे: दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष जमून मोकळं बोलायचं, मधल्या सभांत निवड आणि पाठपुरावा.

बायकांचं काय झालं, हे मी मुद्दाम विचारत राहिलो. पॅसेजच्या सभेत बायका उंबऱ्यात असत, ऐकत सगळं, बोलत क्वचित. फोनवर काही सुना पहिल्यांदा बोलल्या, कारण सासऱ्यांकडे पाहून बोलायचं नव्हतं, पडद्याकडे पाहून बोलायचं होतं. पण काही घरांत फोन एकच, तो पुरुषाच्या हातात, आणि नऊ वाजता बाई भांडी घासते. तिला आता सभा ऐकूही येत नाही, कारण नवरा कानात इअरफोन घालून बसतो. उंबऱ्यातून जे मिळत होतं तेही गेलं. वहिनींनी यावर एक काम केलं: देखभाल खर्चाची सभा दुपारी तीनला ठेवली. त्या दिवशीच्या हजेरीत बायका जास्त होत्या. नोकरीवर असलेले पुरुष कुरकुरले. वहिनींनी पुढची सभाही दुपारीच ठेवली.

टॉवरमधली पहिली सभा

वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगावातही पहिल्या टप्प्याचे टॉवर उभे आहेत. घर बदललं की सभेचा कायदाही बदलेल. आजवर चाळीतले लोक सरकारचे भाडेकरू होते. चाळ कमिटी परस्पर विश्वासावर चाले, तिच्या ठरावाला न्यायालयात विचारणारं कुणी नव्हतं. आता सहकारी गृहनिर्माण संस्था होईल. १९६० चा सहकार कायदा, उपविधी, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, तिची चौदा दिवसांची नोटीस, गणपूर्ती, लेखापरीक्षण. करोनाच्या काळात सहकार खात्याने अशा सभा ऑनलाइन घ्यायला मुभा दिली, त्यामुळे दूर राहणाऱ्या सभासदांना त्या सभांत बसता आलं.

कायदा शिकता येईल, त्याची वहिनींना धास्ती नाही. त्यांची काळजी वेगळी आहे. घराचा नंबर सोडतीने ठरतो. चाळीत समोरासमोर राहिलेली दोन कुटुंबं टॉवरमध्ये चौथ्या आणि अठराव्या मजल्यावर जातील. मजल्यावर दारं कमी, मध्ये लिफ्ट, प्रत्येक दाराला सेफ्टी डोअर, आणि घरात स्वतःचं संडास-न्हाणीघर, म्हणजे रांग नाही, नळ नाही. खोली नंबरप्रमाणे चालणारी हजेरी निरुपयोगी होईल. मजला-प्रतिनिधी ज्या वीस घरांना ओळखतो ती वीस घरं वीस मजल्यांवर पसरतील.

म्हणून किल्ल्या मिळायच्या आधीच वहिनींनी काम काढलं आहे. सोडतीत नंबर लागलेल्यांना त्या विचारताहेत की तुमच्या नव्या मजल्यावर आणखी कोण आहे, माहीत आहे का? माहीत नसेल तर नंबर देतात आणि फोन करायला सांगतात. प्रत्येक नव्या मजल्याचा एक छोटा गट, त्याची एक सभा घरात शिरायच्या आधी, आणि विषय फक्त तीन: आजारी कोण आहे, दिवसा घरी कोण असतं, लिफ्ट बंद पडली तर आधी कुणाला फोन करायचा. गट करताना अडचण आली ती दुसऱ्या चाळीतून येणाऱ्यांची. ते या सभांत कधी बसलेले नाहीत, वहिनींना ओळखत नाहीत, आणि त्यांच्या कमिटीची रीत वेगळी आहे. त्यांच्या चिटणिसांशी वहिनींचं बोलणं झालं आहे. पुढची सभा दोन्ही चाळींची मिळून आहे, नायगावातच, रविवारी दुपारी तीनला, आणि जे येऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी एक फोन टेबलावर उभा करून ठेवायचा, तो सांभाळायला एक माणूस नेमायचा, आणि फोनवरच्यांना आधी बोलू द्यायचं असं ठरलं आहे.